जीपला थंडी वाजते तेव्हा

डिसेंबर उजाडला की आपली वर्तमानपत्रे निफाडचा पारा मोजू लागतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे छायाचित्र दरवर्षी न चुकता येते. मराठवाड्याच्या थंडीच्या नशिबी एवढे कौतुक नाही. ती कोरडी असते, पहाटेची असते आणि सूर्य दोन हात वर आला की पाय लावून पळते. पण हर्सूलसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांना ती अंगाला जाणवण्याआधी कानाला कळते. कुठल्या तरी अंगणात सेल्फ कण्हतो, थांबतो, पुन्हा कण्हतो. मग एकदम खडखडाट होतो आणि जुन्या डिझेल जीपचे इंजिन सुरू होते. खरी गंमत त्यानंतर असते. गाडी जागची हलत नाही. ती तिथेच पंधरा-वीस मिनिटे धडधडत राहते. मालक आत चहा पीत असतो आणि पांढरा धूर शेजारच्या खिडकीतून शाळेत जायला निघालेल्या पोरांच्या नाकात जात असतो. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले: “गरम होऊ द्या हो, थंडी आहे.”

या वीस मिनिटांबद्दल आज लिहायचे आहे. कारण ती निसर्गाने लादलेली नाहीत, आपण ओढवून घेतलेली आहेत.

हर्सूल हे जळगाव रस्त्यावरचे गाव. छत्रपती संभाजीनगर शहराने ते केव्हाच पोटात घेतले असले तरी पहाटेपुरते ते अजून गावच असते. तलावावर धुके असते आणि सावंगी, चौका, फुलंब्रीकडून भाजीपाल्याच्या गाड्या जाधववाडीच्या बाजारात पोचायच्या घाईत असतात. या रस्त्यावर आता नव्या पिकअप आणि नव्या जीपा धावतात हे खरे. पण जुन्या कमांडर, मेजर, आर्मडा आणि पहिल्या पिढीतल्या सुमो अजून संपलेल्या नाहीत. कुणाच्या शेतावर, कुणाच्या मंगल कार्यालयात, कुणाच्या नुसत्या हौसेपोटी त्या टिकून आहेत. लोखंड जाड, दुरुस्ती सोपी, खडकाळ पांदीतही न कुरकुरणारी ही जात. थंडी एवढाच काय तो तिचा दुबळेपणा, असा समज आहे, आणि तो चुकीचा आहे. जीपचा मूळ अवतार दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बर्फातून आणि चिखलातून हिंडला. १९४७ पासून महिंद्रांनी ती मुंबईत जोडायला घेतली. थंडी तिला परकी नव्हती. आपल्याकडे आल्यावर आपण थंडीशी झुंजायची तिची हत्यारे एकेक करून काढून घेतली, आणि आता तिला थंडी सोसत नाही म्हणून बोल लावतो.

आपली भाषाच पाहा. ‘गाडी गरम होते’ ही आपल्याकडे तक्रार असते. मे महिन्यात चौक्याच्या घाटात रेडिएटरचे झाकण उडालेले ज्याने पाहिले आहे, त्याला ती तक्रार समजावून सांगावी लागत नाही. पण ‘गाडी गरम होत नाही’ अशी तक्रार घेऊन कुणी गॅरेजात गेला तर मिस्त्री त्याच्याकडे वेड्यासारखे पाहील. उष्णता हा आपला शत्रू ठरलेला आहे, आणि एकच शत्रू ओळखणाऱ्या पहारेकऱ्यासारखे आपण मागचे दार सताड उघडे टाकले आहे.

त्या मागच्या दाराचे नाव थर्मोस्टॅट. गॅरेजात त्याला ‘थर्मोस्टेट वॉल’ म्हणतात. लिंबाएवढा पितळी तुकडा, आत मेणाची कुपी. इंजिनातले पाणी थंड असेपर्यंत तो रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो. त्यामुळे थोडेसेच पाणी इंजिनात फिरत राहते आणि लवकर तापते. साधारण ८० ते ८५ अंशांवर आतले मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि मग पाणी रेडिएटरकडे गार व्हायला जाते. एवढेच त्याचे काम. पण हा तुकडा कधी अडकला तर गाडी तापते. म्हणून आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे तो अडकण्याआधीच काढून फेकणे. “आपल्याकडे काय करायचाय वॉल? काढून टाका, गाडी थंड राहील.” असे सांगणारा मिस्त्री वाईट हेतूने सांगत नाही. त्याच्या गुरूने त्याला तेच शिकवलेले असते.

हे म्हणजे वाफेची भीती वाटते म्हणून कुकरची शिट्टी काढून ठेवण्यासारखे आहे. कुकर फुटणार नाही हे खरे. पण डाळही शिजणार नाही. थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत सेल्फ मारल्यापासून सगळे पाणी रेडिएटरमधून फिरते. समोर लोखंडी पंखा. जुन्या जीपमध्ये तो पट्ट्यावर चालतो, म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत गरज असो वा नसो फिरतोच. पहाटे आठ-दहा अंशांची हवा तो रेडिएटरवर झोडपत असतो. अशा गाडीला तुम्ही वीस मिनिटे काय, तासभर उभी ठेवलीत तरी ती मनासारखी तापणार नाही. वर एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडल्यावर पाण्याची आडवाट बंद करण्याचे कामही तोच करतो. तो काढला की ती आडवाट कायमची उघडी राहते, निम्मे पाणी रेडिएटरला वळसा घालून परत येते आणि उन्हाळ्यात गाडी उलट जास्त तापते. ज्या भीतीपोटी तो काढला, तीच भीती खरी होते.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे थंडी ती केवढी, महिना-दीड महिना. त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा इंजिनाच्या आत डोकावू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ मध्ये यशस्वी करून दाखवलेली कल्पना अशी की, हवा इतकी दाबायची की ती आपल्या आपण तापेल आणि तिच्यात फवारलेले तेल पेट घेईल. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड गरम लागते, तोच हा प्रकार. फक्त इथे हवा वीस-बावीस पट दाबली जाते आणि तिचे तापमान पाचशे अंशांच्या पलीकडे जाते. पण इंजिनाचे लोखंड गार असले की ही उष्णता भिंतीच पिऊन टाकतात. त्यात बॅटरीही थंडीने मंदावलेली असते, सेल्फ हळू फिरतो, दाबलेल्या हवेला गळायला आणि गार व्हायला जास्त वेळ मिळतो. मग डिझेल अर्धवट जळते किंवा जळतच नाही. पांढरा धूर म्हणजे हे न जळलेले डिझेल. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरते, ऑइल पातळ करते, रिंगा झिजवते. थर्मोस्टॅट नसलेली गाडी थंडीच्या महिन्यातच नव्हे, बाराही महिने सकाळच्या पहिल्या प्रवासात अशी अर्धपोटी चालते. झीज थंडीपुरती नसते.

महिंद्रांच्या ज्या जीपांत फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्याचे एक्सडीपी इंजिन आले, त्यांची आणि जुन्या सुमोची आणखी एक खोड आहे. यांच्यात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. आधी एका छोट्या कोठडीत जाते आणि तिथे पेटते. (हर्सूलकरांना कोठडी हा शब्द नवा नाही, मध्यवर्ती कारागृह त्यांच्या दारातच आहे.) या कोठडीच्या भिंती गार असल्या की दाबलेल्या हवेची ऊब तिथेच विरते. म्हणून तिच्यात एक तापणारा प्लग बसवलेला असतो. ड्रायव्हर लोक त्याला नुसते ‘हीटर’ म्हणतात. चावी पंधरा-वीस सेकंद हीटरवर धरायची आणि मग सेल्फ मारायचा, अशी ही रीत. ट्रॅक्टरच्या घराण्यातल्या थेट फवारणीच्या इंजिनांना ही कोठडी नसते, त्यामुळे ती त्या मानाने सहज उठतात.

हे हीटर प्लग म्हणजे जुन्या जीपची सर्वांत दुर्लक्षित वस्तू. चारांपैकी एखादा गेला तरी गाडी सुरू होते. फक्त थरथरत, धूर ओकत, तीन पायांवर उठणाऱ्या बैलासारखी. मालक म्हणतो थंडीमुळे. दुसरा जातो, तेव्हा धक्का मारावा लागतो. तिसरा गेल्यावर गाडी उतारावर उभी करायची सवय लागते, आणि मग ती सवयच तिचा स्वभाव ठरते. काही जुन्या इंजिनांत हे प्लग एकापुढे एक जोडलेले असत. एक गेला की दिवाळीच्या माळेसारखे सगळेच बंद. वास्तविक तपासणी अगदी साधी. प्लगची वायर सोडवायची, बॅटरीच्या अधिक टोकाशी जोडलेल्या टेस्ट लॅम्पचे दुसरे टोक प्लगला लावायचे. दिवा लागला तर प्लग बहुधा जिवंत, न लागला तर मेलेला. दहा मिनिटांचे काम. त्याबरोबर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन काढावी आणि इंजिनापासून चासीपर्यंतची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे ना ते पाहावे. थंडीत न उठणाऱ्या किती तरी जीपा एवढ्यावर उठतात.

या साध्या उपायांऐवजी आपण करतो काय? टाकीखाली किंवा चेंबरखाली बोळे पेटवतो. हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा धरतो. इंजिन अशाने सुरू होते खरे, पण अवेळी होणारा तो स्फोट पिस्टनला आणि रिंगांना काय सांगून जातो ते इंजिन खोलल्यावरच कळते. आणि तापलेला हीटर प्लग असताना हा खेळ केला तर बोळा धरणाऱ्याच्या भुवया जातात. काही जण डिझेलमध्ये रॉकेल मिसळत. थंडीने डिझेल गोठते अशी त्यामागची समजूत. आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही. हिवाळ्यात मिळणारे डिझेल तीन अंशांपर्यंत वाहते राहिले पाहिजे असे भारतीय मानकच आहे. गोठण्याचा खरा प्रश्न लडाखचा. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे खास हिवाळी डिझेल बाजारात आणले. हर्सूलला त्याची गरज नाही. रॉकेलने मात्र नुकसान होते, कारण जुन्या मायकोच्या फिरत्या पंपाला वंगण मिळते तेच मुळी डिझेलमधून. रॉकेल त्या मानाने कोरडे. शिवाय ही भेसळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

मग सकाळी करावे तरी काय? हीटर धरावा, सेल्फ मारावा, ऑइलचा दाब आल्याचा दिवा विझला की अर्धा-एक मिनिट थांबावे आणि निघावे. होय, निघावे. उभ्या गाडीत डिझेल इंजिन इतके थोडे तेल जाळते की त्यातून स्वतःला तापवण्यापुरतीही उष्णता मिळत नाही. ते तापते कामाने. पहिले दोन-तीन किलोमीटर, सावंगीपर्यंत म्हणा ना, हलक्या पायाने चालवावी, गियर कुथवू नयेत, मागे भाजीची पोती असतील तर घाई करू नये. उभ्याने वीस मिनिटांत जे साधत नाही ते चालत्या गाडीत दहा मिनिटांत साधते. हिशेबच करायचा तर अशी जीप उभ्याने तासाला अर्धा-पाऊण लिटर डिझेल पिते. रोजच्या वीस मिनिटांचे, आजच्या नव्वदीच्या घरातल्या भावाने, पंधरा-वीस रुपये होतात. थर्मोस्टॅट काही शे रुपयांना मिळतो. एका हिवाळ्यात तो स्वतःची किंमत फेडून वर उरतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी घरीच तपासता येतो, आणि हा प्रयोग मुलांना फार आवडतो. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याला बांधून सोडलेला थर्मोस्टॅट, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक. पाणी तापत जाते आणि उकळीच्या बऱ्याच आधी ती झडप हळूच तोंड उघडते. पाणी निवले की पुन्हा मिटते. विज्ञानाच्या पुस्तकातला उष्णतेने होणारे प्रसरण हा धडा त्या दिवशी डोळ्यांना दिसतो. (पातेले मात्र नंतर आमटीला वापरू नये. स्वयंपाकघरातून याला हरकत येणारच, ती आधीच मान्य करून टाकावी.)

ट्रकवाल्यांची एक जुनी युक्ती मात्र मला पूर्ण पटते. रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावायचे. अर्धाच भाग झाकायचा, पूर्ण नाही, आणि काट्यावर नजर ठेवायची. ऊन चढले, किंवा पुढे घाट लागणार असला, की उतरून काढायचे. ते विसरणारा माणूस असेल तर त्याने या वाटेला जाऊ नये.

आता आतल्या माणसांकडे वळू. इंजिनाबद्दल आपण निदान बोलतो तरी. गाडीत बसलेल्याला थंडी वाजणे ही आपल्याकडे तक्रारच समजली जात नाही. मफलर गुंडाळा, गप्प बसा. जीपमधला केबिन हीटर हे साहेबी चोचले ठरले, आणि ज्या थोड्या गाड्यांना तो होता त्यांचे पाईप मिस्त्र्यांनी एकमेकांना जोडून टाकले, कारण गळतात. परंतु पहाटे साडेपाचला बोटे बधिर झालेला ड्रायव्हर ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर किती भरवशाचा? दहा माणसे श्वास सोडत बसली की पुढची काच आतून पांढरी होते. ड्रायव्हर एका हाताने फडके फिरवतो, दुसऱ्याने गाडी हाकतो, समोरून उसाची ट्रॉली येत असते, तीही मागे दिवा नसलेली. काच स्वच्छ ठेवणारी गरम, कोरडी हवा हे मला चोचले वाटत नाहीत. चालत्या गाडीला ती ब्रेकइतकीच लागते.

केबिन हीटरची रचना सोपी आहे. इंजिनाच्या डोक्यातून गरम पाण्याचा एक रबरी पाईप आत येतो, पायापाशी बसवलेल्या छोट्या रेडिएटरमधून पाणी फिरते, मागे एक लहान पंखा, आणि दुसऱ्या पाईपाने पाणी परत. मध्ये एक तोटी, ती उन्हाळ्यात बंद. जुन्या गाड्यांच्या भंगारात हे डबे मिळतात. पण दोन अटी आहेत. एक म्हणजे थर्मोस्टॅट जागेवर हवा. पाणीच कोमट असेल तर हीटर गार वारा फेकतो, आणि मग ‘हीटर बेकार’ असा शेरा मिळतो. दुसरी अट म्हणजे आधी भोके बुजवायची. जुन्या जीपच्या इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात वायरींची, पेडलची, कधी काळी बसवून काढलेल्या कशाकशाची भोके असतात. गियरच्या दांड्याचे रबर फाटलेले असते. ताडपत्रीच्या हुडाची बटणे गेलेली असतात. रबराचे बूच, दाराला नवी पट्टी, पायाखाली तागाचे जाड बसकर आणि त्यावर घोंगडी, एवढ्याने निम्मी थंडी बाहेर राहते. छप्पर गळत असताना शेगडी वाढवून घर ऊबदार होत नाही.

भोके बुजवण्याला दुसरे, जास्त गंभीर कारण आहे. जुन्या जीपचा सायलेन्सर कुजलेला असतो आणि तळाचा पत्राही. थंडीत काचा-पडदे लावून घेतले की तोच धूर खालून आत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले. कार्बन मोनॉक्साइड तर त्या क्षणीच झोप आणते. म्हणून केबिन ऊबदार करण्याआधी सायलेन्सर दुरुस्त झाला पाहिजे, हा क्रम चुकता कामा नये. आणि उभ्या जीपमध्ये पडदे लावून शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी ठेवून झोपणे, जे लग्नसराईत आणि यात्रेत अजून चालते, ते कोणी करत असेल तर त्याला हात धरून बाहेर काढावे. बंद खोलीतल्या शेगडीने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. जीप ही खोलीपेक्षाही लहान खोली आहे.

‘या गाड्याच भंगारात काढा’ असे सांगणारेही आहेत, आणि धुराच्या बाबतीत त्यांचे म्हणणे खोटे नाही. ज्याला परवडते त्याने नवी घ्यावी. पण ज्याची मेथीची जुडी जाधववाडीला दोन-पाच रुपयांना जाते, त्याला नव्या गाडीचा हप्ता सांगण्यात अर्थ नाही. त्याला चार हीटर प्लग, एक थर्मोस्टॅट आणि अखंड सायलेन्सर एवढे सांगता येते, आणि तेवढ्याने त्याच्या गाडीचा सकाळचा धूर निश्चित कमी होतो. खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. या शहराच्या वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळवल्या जात आहेत, इथले लहान-मोठे उद्योग वाहनांचे सुटे भाग बनवतात. हजारांनी माणसे या धंद्यावर पोसली जातात. तरी इथल्याच गॅरेजच्या कोपऱ्यातल्या तेलकट पत्र्याच्या डब्यात धडधाकट थर्मोस्टॅट पडलेले दिसतात. कुणीतरी काढून टाकलेले, कुणीच परत न मागितलेले. पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा मिस्त्रीला तेवढे विचारा, आमचा वॉल जागेवर आहे का. आणि नसेल तर बसवून घ्या, सायलेन्सरचे वेल्डिंग होईपर्यंत चहा तिथेच प्या.